शून्य श्रेयांकाची राज्यघटना

आपल्या समीक्षेने आजवर कविता वाचली, आत्मकथन वाचले, कथा-कादंबरी वाचली. प्रस्थापित वाङ्मयाच्या पोटात कोणती मूल्यव्यवस्था दडलेली आहे, हे उघडे करून दाखविण्याचे काम तिने केले. परंतु ज्या एका लिखाणापायी आपल्या मुलांची ऐन उमेदीची चार वर्षे आणि त्यांच्या आईबापांची सगळी पुंजी खर्ची पडते, ते लिखाण समीक्षेच्या डोळ्यांनी आपण कधी वाचलेच नाही. मी अभ्यासक्रमाबद्दल बोलतो आहे. अभ्यासक्रम ही वाङ्मयकृती नव्हे, असे कोणी म्हणेल. पण त्यालाही लेखक असतात, त्यालाही नायक असतो, आणि काय सांगायचे व काय गाळायचे याची निवड त्यातही झालेली असते. जे गाळले जाते ते बहुधा आपल्याच माणसांचे असते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मी पनवेलजवळच्या एका महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील एका नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. मी कोणता विषय शिकवतो असे ते विचारत, तेव्हा 'पाणीपुरवठा आणि सांडपाणी' असे उत्तर देताना माझी जीभ अडखळत असे. ती का अडखळत होती, याचा शोध म्हणजेच हा लेख.

प्रथम या पदवीच्या अटी काय आहेत ते पाहू. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, ठराविक टक्केवारी हवी, राज्याची प्रवेश परीक्षा दिलेली हवी. पदविका घेतलेल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यानंतर आठ सत्रे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली जो नमुना अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात पदवीसाठी १६० श्रेयांकांचा हिशेब मांडला आहे. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. या १६० ची सर्वसाधारण वाटणी अशी : मूलभूत विज्ञाने २५, अभियांत्रिकीची पायाभूत शास्त्रे २४, शाखेचे गाभ्याचे विषय ४८, शाखेतील ऐच्छिक विषय १८, इतर शाखांतील ऐच्छिक विषय १८, प्रकल्प, परिसंवाद व प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळून १५, आणि मानव्यविद्या, समाजशास्त्रे व व्यवस्थापन या सर्वांना मिळून १२. बेरीज १६०. हिशेब चोख आहे.

या बेरजेच्या खाली आणखी एक रकाना आहे. त्यात सक्तीचे, पण श्रेयांक नसलेले विषय येतात : पर्यावरणशास्त्र, पहिल्या वर्षाच्या आरंभीचा परिचयवर्ग, पारंपरिक भारतीय ज्ञानाचे सार आणि भारताची राज्यघटना. म्हणजे राज्यघटना शिकलीच पाहिजे, पण तिचे मोल शून्य. पदवी मिळविण्यासाठी ती अडसर होऊ शकते, गुणांच्या बेरजेत मात्र तिचा कण पडत नाही. विद्यार्थी हुशार असतात. ज्याला श्रेयांक नाही त्याला किती वेळ द्यायचा, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. तासाला हजेरी लागते, शेवटी एक टिपणवही जमा होते, ती वही आदल्या वर्षीच्या मुलाच्या वहीवरून उतरवलेली असते, आणि ती तपासणाऱ्या मास्तरालाही हे ठाऊक असते.

त्यानंतर २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. महाराष्ट्रातले आराखडे पुन्हा लिहिले गेले. भारतीय ज्ञान प्रणाली या विषयाला आता श्रेयांक मिळतात. मूल्यशिक्षणाच्या नावाखाली काही ठिकाणी घटनेच्या वाट्यालाही थोडे आले आहेत. याचे स्वागत करू. परंतु माझा मुद्दा केवळ दोन श्रेयांकांचा नाही. घटना शून्याच्या रकान्यातून उचलून दोनाच्या रकान्यात ठेवली म्हणजे प्रश्न सुटतो, असे मी मानत नाही. खरा प्रश्न असा की, जे ४८ श्रेयांक गाभ्याचे म्हणून ठरविले आहेत, त्या गाभ्यात माणूस आहे काय? आणि असेल तर कोणता?

मी शिकवतो त्याच विषयापासून सुरुवात करतो. सांडपाण्याच्या नळाचे संकल्पन शिकवताना पहिला नियम असा की, नळाला इतका उतार द्यावा की पाणी निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहील. त्याहून वेग कमी झाला की गाळ तळाशी बसतो. या वेगाला पुस्तकात मोठे सुंदर नाव आहे : स्वतःची सफाई स्वतः करणारा वेग. हे वाक्य फळ्यावर लिहिताना दरवेळी माझा हात थबकतो. कारण नळ स्वतःची सफाई स्वतः करत नाही. लोकवस्ती अंदाजापेक्षा कमी-जास्त होते, उतार चुकतो, प्लॅस्टिक आणि बांधकामाचा राडारोडा आत जातो, नळ तुंबतो. मग पुस्तक काय म्हणते? पुस्तक म्हणते, ठराविक अंतरावर, वळणावर, उतार बदलतो तेथे आणि दोन नळ मिळतात तेथे मॅनहोल ठेवावे. भारतीय मानक ४१११ च्या पहिल्या भागात त्याची मापे आहेत. खोली वाढेल तसा व्यास किती, पायऱ्या कोणत्या धातूच्या, झाकण किती वजन पेलणारे, सारे आहे. विद्यार्थ्याने छेदचित्र काढायचे, मापे टाकायची, आठ-दहा गुण मिळवायचे.

या चित्रात पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांवरून कोण उतरतो, हे चित्रात नसते. मॅनहोल या शब्दातच माणूस आहे, पण तो शब्दापुरताच.

एकदा तोंडी परीक्षेत एका मुलाला मी विचारले, मॅनहोलचे झाकण गोल का असते? त्याने पाठ केलेले उत्तर अचूक दिले : गोल झाकण कसेही फिरवले तरी आत पडत नाही. मग मी विचारले, आत कोण उतरतो? मुलगा गप्प झाला. शेजारी बसलेले बाहेरचे परीक्षक हसून म्हणाले, "सर, सिलॅबसमधलं विचारा." त्यांचे काही चुकले नाही. ते अभ्यासक्रमाशी प्रामाणिक होते.

त्या रात्री मी वडिलांना विचारले, "दादा, आत उतरायच्या आधी तुम्ही काय बघायचा?" त्यांनी आधी माझ्याकडे नुसते पाहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. मग म्हणाले, "अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही झाकणं उघडून ठेवायची. घाई करायची न्हाई. वास येतोय तवर एक येळ बरं. वास एकदम गेला की भ्यायचं."

माझ्या पुस्तकात हेच वेगळ्या भाषेत लिहिले आहे. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणजे वास गेला याचा अर्थ वायू गेला असा नव्हे, तर मरण जवळ आले असाही असू शकतो. हे मला पदव्युत्तर वर्गात कळले. माझ्या बापाला ते सोबत्यांच्या मरणातून कळले. माझ्या ज्ञानाला श्रेयांक मिळाले, नोकरी मिळाली, समाजात खुर्ची मिळाली. त्यांच्या ज्ञानाला काय मिळाले? साबण आणि गूळ.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो प्रामाणिकपणे येणार, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. अभियांत्रिकी हे निर्मम शास्त्र आहे, गुरुत्वाकर्षणाला जात नसते, तुळईवरचा भार सवर्ण-अवर्ण पाहत नाही, तेव्हा समाजाचे प्रश्न तुम्ही समाजशास्त्राच्या वर्गात न्या, असे माझे सहकारी म्हणतात. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पाणी उताराकडे वाहते, यात जात नाही. परंतु नळ तुंबल्यावर यंत्र उतरवायचे की माणूस, हा गुरुत्वाकर्षणाचा नियम नव्हे. तो निर्णय आहे. मॅनहोल यंत्राला सोयीचे बांधायचे की माणसाच्या खांद्याच्या मापाचे, हाही निर्णय आहे. निर्णय घेणाऱ्याला अभियंता म्हणतात. आणि त्या निर्णयाचे ओझे ज्याच्या डोक्यावर येते, त्याची जात या देशात आधीच ठरलेली असते. निर्मम शास्त्राच्या आडून येथे एक अत्यंत मम व्यवस्था सुखाने नांदते आहे.

शिवाय हा आता केवळ सद्भावनेचा प्रश्न राहिलेला नाही. तो कायद्याचा आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. दुसऱ्या कायद्याने गटार व सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई करवून घेणे हा गुन्हा ठरविला. त्यातही पळवाट आहे : संरक्षक साधने न देता केलेली सफाई ती धोकादायक, अशी व्याख्या, म्हणजे साधने दिल्याचे कागदावर दाखविले की माणूस पुन्हा आत. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बलराम सिंग खटल्यात ही रक्कम तीस लाख करण्यात आली आणि ही प्रथा टप्प्याटप्प्याने समूळ संपवा असे सरकारांना बजावण्यात आले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मॅनहोल'कडून 'मशीन-होल'कडे जाण्याची घोषणा झाली. न्यायालय बोलले, संसद बोलली, अर्थमंत्री बोलल्या. परंतु गटाराचे चित्र काढून पदवी घेणाऱ्या मुलाला या चार ओळी ठाऊक नसल्या तरी चालते. काँक्रीटमध्ये सिमेंट कमी टाकले तर काय होते हे त्याला यावेच लागते. माणूस आत टाकला तर काय होते, हे आले नाही तरी तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होतो. मी शिकवलेल्या कोणत्याही वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत २०१३ च्या कायद्यावर एकही प्रश्न मी पाहिलेला नाही.

गटाराचे सोडू आणि विटेकडे येऊ. बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत मुले वीट यंत्रात दाबतात आणि ती फुटेपर्यंत भार मोजतात. साध्या विटेने चौरस मिलिमीटरला निदान ३.५ न्यूटन दाब सोसला पाहिजे. चोवीस तास पाण्यात बुडवून तिने किती पाणी शोषले तेही मोजतात. ही वीट येते कोठून? पनवेल-कर्जत-पेणच्या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर रायगडची कातकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राबत आली. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घ्यायची, आणि पाऊस सरला की बायकापोरांसह भट्टीवर जाऊन ती फेडायची. वेठबिगार पद्धत कायद्याने १९७६ मध्ये संपली. उचल संपली नाही. विटेची सोसण्याची ताकद आम्ही न्यूटनमध्ये मोजतो. वीट थापणाऱ्या बाईची सोसण्याची ताकद कोणत्या प्रयोगशाळेत मोजायची? मी हे भावनेच्या भरात विचारत नाही. ज्या विषयात बांधकाम व्यवस्थापन शिकवतात, त्याच विषयात बांधकाम कामगारांचा कायदा, बांधकामाच्या खर्चावरचा उपकर आणि वर्षातून ९० दिवस काम केलेल्या मजुराची नोंदणी या गोष्टी गणितासारख्या शिकवता येतात. साइटवर नोंदणीचा दाखला मागायला येणाऱ्या बिगाऱ्याला उडवून लावणारा अभियंता माझाच विद्यार्थी असू शकतो. कदाचित तो आमच्याच वस्तीतला असतो.

आणि ज्ञानाचे काय? 'पारंपरिक भारतीय ज्ञान' हा विषय आता मानाने येतो आहे. येऊ दे. पण कोणाचे ज्ञान? दगडाची शीर ओळखून एका घावात त्याचे दोन तुकडे करणारा वडार या परंपरेत बसतो काय? ओळंबा आणि गुण्या यांच्या जोरावर भिंत उभी करणारा अक्षरशत्रू गवंडी बसतो काय? दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला की शीव कोठून जाते हे दाखवायला महाराला पुढे करीत, त्याची साक्ष प्रमाण मानीत. थिओडोलाइट या देशात येण्यापूर्वीचा हा भूमापनाचा अधिकार होय. मला त्याचे उदात्तीकरण करायचे नाही. ते ज्ञान वतनाच्या बेडीत जखडलेले होते आणि ती बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ पासून विधिमंडळात झगडा दिला. माझे म्हणणे एवढेच की, परंपरेला श्रेयांक देताना सूत्रे आणि ग्रंथ तेवढे उचलायचे आणि हात गाळायचे, ही निवड जुन्याच व्यवस्थेची आहे.

या निवडीचा इतिहास पाहिला पाहिजे. पुण्याच्या अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात १८५४ सालच्या एका शाळेतून झाली. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते, म्हणून सरकारने ती काढली. त्यानंतर दोन वर्षांनी बोरघाटातल्या रेल्वेच्या चढावाचे काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये तो खुला झाला. आपल्या पनवेलपासून हा घाट दूर नाही. चाळीस हजारांच्या आसपास मजूर तेथे एका वेळी राबत होते. पटकीने किती गेले याची मोजदाद कोण ठेवणार? ज्या काळात डोंगर फोडणारे हात हजारोंनी लागत होते, त्याच काळात त्या हातांवर देखरेख करणारा पदवीधर वर्ग घडविला जात होता. महात्मा फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. इंजिनियर खात्यातली लूट त्यांनी आतून पाहिली होती. ज्या माणसाने १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याला पाणीपुरवठा म्हणजे काय हे कोणत्याही पदवीधरापेक्षा अधिक समजले होते. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बांध-ताली घालून पाणी मुरविण्याची जी योजना त्यांनी मांडली, ती जलसंधारणच होय.

दरवर्षी १५ सप्टेंबरला आम्ही अभियंता दिन साजरा करतो. सर विश्वेश्वरय्या हे पुण्याचेच पदवीधर, त्यांच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही. परंतु म्हैसूरचे दिवाण असताना मागास वर्गांच्या सरकारी नोकऱ्यांतील प्रतिनिधित्वासाठी मिलर समिती नेमली गेली, त्या धोरणाशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडण्याचा निर्णय घेतला, ही गोष्ट त्या दिवशीच्या भाषणात येत नाही. आणि दुसरी एक गोष्ट तर कोणत्याच दिवशी येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खाते सांभाळीत होते, त्याच खात्याकडे सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर त्या खोऱ्याचा एकत्र विचार करणारी योजना त्यांच्या काळात आकाराला आली, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, त्याचाच पुढचा अवतार म्हणजे आजचा केंद्रीय जल आयोग. नदी ही राज्याच्या सीमेने नव्हे, खोऱ्याने मोजायची, हा विचार आमच्या पाटबंधारे विषयात पहिल्या प्रकरणात असतो. त्यामागचे नाव त्या प्रकरणात नसते.

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की माणगाव ओलांडल्यावर लोणेरे लागते. तेथे १९८९ मध्ये बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले. त्याच रस्त्याने पुढे महाड. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने संमत केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर गावाने तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. १०८ घागरी पाणी काढून, शेण-गोमूत्र-दूध-दही घालून. आमच्या विषयात जलशुद्धीकरणाचे टप्पे आहेत : तुरटीने गाळ खाली बसविणे, वाळूतून गाळणे, क्लोरीन मिसळणे. महाडच्या शुद्धीकरणाचा टप्पा मी वर्गात सांगतो तेव्हा काही मुले हसतात आणि काही खाली पाहतात. कोण हसते आणि कोण खाली पाहते, हे मी न सांगताच वाचकाला कळेल. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. पाणीपुरवठा हा नळाच्या व्यासाचा प्रश्न होण्याआधी तो हक्काचा प्रश्न असतो, हे शिकवायला आमच्या जिल्ह्याइतकी चांगली प्रयोगशाळा सबंध देशात नाही. ती अभ्यासक्रमाबाहेर आहे.

आणि पनवेल? १८५२ मध्ये नगरपालिका झालेले हे गाव. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना निघाली. आता महानगरपालिका आहे, द्रुतगती मार्ग आहे. उलव्याचा डोंगर कापून, नदीचा प्रवाह वळवून, दहा गावे उठवून बांधलेला विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला. आमचे विद्यार्थी तेथे अभ्यासभेटीला जातात. भरावाची घनता, धावपट्टीच्या थरांची जाडी, नाल्याचे वळण, याचा अहवाल लिहितात. अहवालात उठलेल्या गावांची नावे लिहा असे मी सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, हे कोणत्या मुद्द्याखाली लिहायचं?" तिचा प्रश्न बरोबर होता. तो मुद्दाच नाही.

समीक्षेने न्याय्य असले पाहिजे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. नमुना अभ्यासक्रमात स्थापत्य अभियांत्रिकीच्या सामाजिक व जागतिक परिणामांवर एक विषय आहे. पदवीसाठी श्रेयांकांखेरीज समाजोपयोगी कामाचे १०० गुणही मिळवावे लागतात. हेतू चांगला आहे. परंतु समाज ही बाहेर कोठे तरी असलेली वस्तू आहे, आणि अभियंत्याने अधूनमधून तेथे जाऊन उपयोगी पडून यावे, ही त्यामागची कल्पना आहे. वस्तीत जाऊन झाडे लावली, फोटो काढले, गुण मिळाले. माझ्या वर्गातला तो मुलगा, जो त्याच वस्तीतून रोज कॉलेजला येतो, त्याने कोठे जावे? तो तर समाजातच आहे. त्याचे तेथे राहणे, पहाटे टँकरपुढे हंडा घेऊन उभे राहणे, याला गुण नाहीत.

आता थोडे आपल्याबद्दल. इतरांना आरसा दाखवणाऱ्याने स्वतःही त्यात पाहावे. आपण जागांसाठी लढलो, शिष्यवृत्तीसाठी लढलो, विद्यापीठांच्या नावांसाठी लढलो. ते लढे आवश्यकच होते, आणि त्यांच्याशिवाय हा लेख लिहिणारा माणूसही नसता. परंतु दरवाजा उघडल्यावर आत काय शिकवतात, याबद्दल आपण फारसे बोललो नाही. इंजिनियर ही पाटी दारावर लागली की लढाई संपली असे समजलो. पाटी लावणारा आपलाच माणूस उद्या एखाद्या महापालिकेत अभियंता होतो, तुंबलेल्या गटाराची तक्रार त्याच्याकडे येते, आणि तो कंत्राटदाराला फोन लावतो. कंत्राटदार कोणाला पाठवतो हे त्याला ठाऊक असते. आपली पदवी आपल्यालाच आपल्या माणसाकडे न पाहण्याचे शिक्षण देत असेल, तर ती मिळविण्यात आपण काय गमावले याचा हिशेब मांडला पाहिजे. मीही तो मांडतो आहे. वडिलांना तो एक प्रश्न विचारायला मला इतकी वर्षे लागली.

मग करायचे काय? वेगळा दलित अभ्यासक्रम मागू नये. कळवळ्याचा एखादा धडा शेवटी जोडा असेही म्हणू नये. शेवटचा धडा नेहमी परीक्षेतून वगळला जातो. मागणी गाभ्याची करावी. मॅनहोलच्या संकल्पनाचा प्रश्न असा विचारा : हे गटार माणूस आत न उतरता साफ करता येईल असे बांधा, यंत्राला लागणारी जागा व झाकणाचे माप काढा, आणि २०१३ च्या कायद्याने कोणाची काय जबाबदारी ठरते ते लिहा. विटेच्या प्रयोगात विटेचा दर लिहा आणि त्यात थापणाऱ्याची मजुरी किती ते काढा. भूमापनाच्या नकाशावर नळ, विहीर, स्मशान आणि वस्ती दाखवा, आणि कोणती वस्ती पाण्यापासून किती मीटर दूर आहे ते मोजा. टेप तीच, लेव्हल तीच, गणितही तेच. फक्त मोजायचे काय, ते बदलेल. आणि यासाठी कोणत्याही परिषदेच्या परवानगीची वाट पाहायला नको. अभ्यास मंडळावर जे आपले प्राध्यापक आहेत, प्रश्नपत्रिका काढायला जे बसतात, त्यांनी सुरुवात करावी.

मी माझ्यापुरती केली आहे. यंदाच्या अंतर्गत चाचणीत एक प्रश्न घातला : खोल गटारात वास अचानक नाहीसा झाला, तर वरच्या माणसाने काय निष्कर्ष काढावा आणि काय करावे? कारणासह लिहा. गुण पाच. साठ मुलांपैकी बहुतेकांनी लिहिले, वायू निघून गेला, आता आत उतरण्यास हरकत नाही. तिघांनी बरोबर लिहिले. तिघांपैकी एकाला मी विचारले, कोणत्या पुस्तकात वाचलेस? तो म्हणाला, "पुस्तकात नाही सर. काका सांगायचे."

त्याला मी पाच पैकी पाच दिले. पेपर घरी नेऊन दादांना दाखवला. त्यांना वाचता येत नाही. प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला.